दिवे लावून भागत नाही

जिल्ह्यात विमानतळ झाला की पाठोपाठ मागणी येते ती ‘नाइट लँडिंग’ची. शिर्डी असो वा कोल्हापूर, लोकप्रतिनिधींची निवेदने, मंत्र्यांची आश्वासने आणि वर्तमानपत्रांतील बातम्या यांचा क्रम सगळीकडे सारखाच असतो. मागणी गैर नाही. दिवस मावळला की बंद होणाऱ्या विमानतळाचा ना उद्योगांना पुरेसा उपयोग, ना रुग्णाला तातडीने मोठ्या शहरात हलवू पाहणाऱ्या कुटुंबाला. पण या साऱ्या चर्चेत ‘नाइट लँडिंग’ म्हणजे धावपट्टीच्या दोन्ही कडांना दिव्यांची रांग, एवढाच अर्थ घेतला जातो. रांग बसली, परवानगी मिळाली, प्रश्न संपला. जगातील अत्यंत सुसज्ज विमानतळांवर गेल्या काही वर्षांत जे घडले, ते पाहिल्यास प्रश्न तिथे संपत नाही, उलट सुरू होतो, हे ध्यानात येईल.

२ जानेवारी २०२४ची संध्याकाळ. टोकियोच्या हानेडा विमानतळावर अंधार पडला होता. आदल्याच दिवशी नोटो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला होता आणि जपानी तटरक्षक दलाचे एक विमान तिकडच्या मदतकार्यासाठी सामग्री घेऊन निघण्याच्या तयारीत होते. नियंत्रकाने त्याच्या वैमानिकाला सांगितले, ‘तुम्ही पहिल्या क्रमांकावर, सी-५ या थांब्यापर्यंत या.’ वैमानिकाने ते शब्द परत म्हणून दाखवले, आभार मानले आणि विमान थांब्याच्या रेषेपाशी न थांबता थेट धावपट्टीवर जाऊन उभे राहिले. तिथे ते सुमारे ४० सेकंद उभे होते. पाच वाजून ४७ मिनिटांनी साप्पोरोहून आलेले जपान एअरलाइन्सचे एअरबस ए-३५० त्याच धावपट्टीवर उतरले आणि क्षणात दोन्ही विमानांनी पेट घेतला. मोठ्या विमानातील उद्घोषणा यंत्रणा बंद पडली, तरी कर्मचाऱ्यांनी भोंगे वापरून आणि ओरडून सूचना दिल्या आणि सर्व ३७९ जण जिवंत बाहेर आले. ही शिस्त जगाने वाखाणली. तटरक्षक दलाच्या विमानातील सहांपैकी पाच जण मात्र वाचले नाहीत.

या अपघातातील अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की संभाषणात एकही शब्द चुकलेला नव्हता. नियंत्रकाने दिलेली सूचना नियमात बसणारी होती, वैमानिकाने ती बरोबर परत म्हटली होती. चुकला तो अर्थ. ‘पहिला क्रमांक’ याचा नियंत्रकाच्या मनातील अर्थ होता, उड्डाणासाठी थांबलेल्यांत तुमची पाळी पहिली. वैमानिकाने त्यातून धावपट्टीवर जाण्याची मुभा मिळाली, असे समजून घेतले. दवाखान्यात कंपाउंडर ‘तुमचा नंबर पहिला’ म्हणाला की एखादा बाकावरच बसून हाक येण्याची वाट पाहतो आणि एखादा उठून सरळ दार ढकलतो. शब्द तेच, समज निराळी. दवाखान्यात त्याने फार तर ओशाळायला होते.

अशा वेळी शब्दाने दगा दिला तर दिव्याने सावरावे, अशी अपेक्षा असते. थांब्याच्या रेषेवर जमिनीत बसवलेले लाल दिवे असतात. ते पेटलेले असताना कोणत्याही विमानाने रेषा ओलांडायची नाही, असा जगभरचा नियम आहे. हानेडात सी-५ वरील हे दिवे दुरुस्तीसाठी काही दिवसांपासून बंद होते. आणि ते चालू असते तरी तिथल्या पद्धतीनुसार असे दिवे दाट धुक्यासारख्या कमी दृश्यमानतेच्या वेळीच वापरले जात. त्या संध्याकाळी हवा स्वच्छ होती. नियंत्रण कक्षातील पडद्यावर धावपट्टी व्यापलेली असल्याचा इशारा साधारण मिनिटभर उमटत होता, पण त्याला आवाजाची जोड नव्हती आणि नियंत्रकाची नजर त्या वेळी इतर विमानांवर होती. उतरणाऱ्या वैमानिकांना समोरचे लहान विमान दिसले नाही. मागून पाहता त्याचा शेपटीकडचा दिवा पांढरा, आणि धावपट्टीच्या मध्यरेषेवरचे दिवेही पांढरेच. दिव्यांच्या रांगेत आणखी एक दिवा मिसळून गेला तर तो वेगळा ओळखायचा कसा?

हा प्रकार नवा नव्हता. १ फेब्रुवारी १९९१ रोजी लॉस एंजेलिस विमानतळावर अंधार पडल्यानंतर नियंत्रकाने एका छोट्या प्रवासी विमानाला धावपट्टीवर जाऊन थांबायला सांगितले आणि कामाच्या गर्दीत ती गोष्ट ध्यानातून निसटली. मग त्याच धावपट्टीवर बोइंग ७३७ला उतरण्याची परवानगी दिली. ३५ जण मृत्युमुखी पडले. तेव्हाही धावपट्टीच्या दिव्यांत छोट्या विमानाचे दिवे हरवले होते. म्हणजे हानेडाच्या ३३ वर्षे आधी धडा लिहिला गेला होता. तो सर्वत्र वाचला गेला नाही.

दुसरी घटना अपघात न झाल्यामुळे फारशी लोकांच्या स्मरणात नाही, पण ती शिकवून जाते अधिक. ७ जुलै २०१७च्या रात्री बाराच्या सुमारास एअर कॅनडाचे एअरबस ए-३२० टोरांटोहून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचत होते. विमानात १४० जण होते. तिथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत, २८ डावी आणि २८ उजवी. त्या रात्री डावी धावपट्टी कामासाठी बंद होती आणि तिचे दिवे विझवले होते. वैमानिकांना उजवीवर उतरायचे होते. त्यांच्या डोक्यात नेहमीचे चित्र पक्के होते, दोन उजळ पट्टे आणि त्यातला उजवा आपला. खाली त्यांना दोन उजळ पट्टे दिसलेही. फरक एवढाच, की त्यांतला डावा पट्टा हीच खरी २८ उजवी होती आणि उजवा पट्टा होता टॅक्सीवे, म्हणजे उड्डाणासाठी विमाने रांगेत उभी करण्याचा मार्ग. त्यावर चार विमाने उभी होती आणि त्यांत मिळून हजारावर माणसे होती.

जवळ येताना वैमानिकांना काही खटकले. ‘धावपट्टीवर दिवे दिसताहेत, उतरायची परवानगी आहे ना?’ अशा अर्थाची पृच्छा त्यांनी केली. नियंत्रकाने पडदा आणि धावपट्टी पाहून सांगितले, ‘२८ उजवीवर तुमच्याशिवाय कोणी नाही.’ दोघेही खरेच बोलत होते. वैमानिकाला खरोखर दिवे दिसत होते आणि २८ उजवी खरोखर मोकळी होती. दोघे दोन वेगवेगळ्या जागांविषयी बोलत आहेत, हे मात्र दोघांनाही कळत नव्हते. शेवटी जमिनीवर उभ्या असलेल्या एका वैमानिकाने रेडिओवर ‘हा कुठे चाललाय? हा तर टॅक्सीवेवर आहे’ असे म्हटले, आणि त्याच सुमारास एअर कॅनडाच्या वैमानिकांनीही विमान पुन्हा वर घेतले. तोपर्यंत ते जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर आले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने याचा तपास केला. डावी धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना दिलेल्या २७ पानी कागदपत्रांत आठव्या पानावर होती, कॅप्टन १९ तासांहून अधिक काळ जागा होता, आणि त्याच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजत आले होते, या गोष्टी त्या तपासात पुढे आल्या. नियंत्रण मनोऱ्यात त्या वेळी एकच नियंत्रक सर्व फ्रिक्वेन्सी सांभाळत होता.

या दोन्ही घटनांत दिवे होते, रेडिओ होता, अनुभवी माणसे होती. मग काय नव्हते? याचे उत्तर आधी डोळ्यात आणि मग मेंदूत शोधावे लागते.

माणसाच्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही आणि बारकावाही दिसत नाही. नजर जिथे रोखतो त्या मध्यबिंदूत दंडपेशी जवळजवळ नसतातच. म्हणून अंधारात मंद तारा थेट पाहायला गेले की दिसेनासा होतो आणि किंचित बाजूला पाहिले की उमटतो. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो आणि झगझगीत प्रकाशाच्या एका झोतात ही कमाई क्षणात जाते. दिवसा वैमानिकाला उंची आणि अंतर सांगणारी शेकडो चिन्हे मिळतात. झाडे, घरे, रस्ते, सावल्या, मातीचा पोत. रात्री ही सारी पुसली जातात आणि उरतात फक्त प्रकाशाचे ठिपके.

ठिपक्यांवरून उंची ठरवणे किती फसवे असते, याचा अभ्यास बोइंग कंपनीतील मानसशास्त्रज्ञ कॉनरॅड क्राफ्ट यांनी १९६०च्या दशकात केला. त्या काळात बोइंग ७२७ विमानांचे रात्री उतरतानाचे काही अपघात लागोपाठ झाले होते. क्राफ्ट यांनी अनुभवी वैमानिकांना कृत्रिम उड्डाणयंत्रात बसवले, उंचीचे माप झाकले आणि अंधारापलीकडच्या शहराचे दिवे पाहून खाली यायला सांगितले. बहुतेक जण प्रत्यक्षापेक्षा आपण बरेच वर आहोत अशा समजुतीत धोकादायक पातळीपर्यंत खाली आले. समुद्र, जंगल किंवा निर्जन माळ ओलांडून उजळलेल्या धावपट्टीकडे येताना होणाऱ्या या भासाला वैमानिक ‘ब्लॅक होल’ म्हणतात. धावपट्टी अरुंद असेल किंवा पुढे चढ असेल तरी असेच वाटते. समोरच्या काचेवर पावसाचे पाणी असेल तर प्रतिमा आणखी सरकते. दिवे फार प्रखर असतील तर धावपट्टी आहे त्यापेक्षा जवळ भासते.

आपल्यासाठी ही पुस्तकी माहिती नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर पठार कापून तयार केलेल्या धावपट्ट्या अनेक आहेत. मंगळुरू, कोळिकोड, गोव्यातील दाबोळी, सिंधुदुर्गातील चिपी ही त्यांतली काही नावे. आजूबाजूला दरी, जवळ समुद्र, पावसाळ्यात चार महिने ढग आणि सरी. ७ ऑगस्ट २०२०च्या रात्री दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडला भर पावसात उतरताना धावपट्टी संपून दरीत कोसळले आणि २१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत कॅप्टन दीपक साठे होते. त्यांचे कुटुंब नागपूरचे. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या समोरच्या काचेचा वायपर बंद पडला होता, दुसऱ्या वेळी तो मंद चालत होता. विमानाने चाके टेकवली ती धावपट्टीचा जवळपास निम्मा भाग मागे टाकल्यावर. वैमानिकाने ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, हे तपास अहवालाने स्पष्टपणे नोंदवले. पण त्याच अहवालाने त्यामागील व्यवस्थेतील त्रुटींकडेही बोट दाखवले. पुढे या धावपट्टीचे नूतनीकरण करताना मध्यरेषेचे दिवे बसवण्यात आले. दुर्घटनेनंतर जे करता आले, ते त्याआधी का करता येऊ नये, हा प्रश्न प्रत्येक वेळी उरतो.

डोळा फसतो, हे एकदा मान्य केले की दिव्यांचे शास्त्र समजते. विमानतळावरील दिवे उजेड पाडण्यासाठी नसतात, ते अर्थ सांगण्यासाठी असतात. धावपट्टीच्या सुरुवातीला हिरवे, शेवटाला लाल. कडेचे पांढरे आणि त्यांतले अखेरच्या ६०० मीटरमधले पिवळे. मध्यरेषेचे पांढरे, शेवटच्या ९०० मीटरमध्ये एक लाल एक पांढरा, आणि अखेरच्या ३०० मीटरमध्ये सगळेच लाल. टॅक्सीवेच्या कडा निळ्या, मध्यरेषा हिरवी. धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची आडवी रांग असते. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात विकसित झालेली ही रचना आज जगभर वापरात आहे. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर विमानाची उतरण योग्य, चारही पांढरे तर विमान फार वर, चारही लाल तर फार खाली. म्हणजे क्राफ्ट यांच्या प्रयोगात ज्या भासाने वैमानिकांना खाली ओढले, त्याच भासावरचा हा साधा, स्वस्त आणि खात्रीचा उतारा आहे. अर्थात तो नीट बसवलेला, वेळोवेळी तपासलेला आणि चालू असेल तर.

या दिव्यांची वीजजोडणीही विचारपूर्वक केलेली असते. ते एकसरी जोडलेले असतात. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, तसे इथे होऊ नये म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असतो. शिवाय दिवे दोन वेगळ्या मंडलांवर एकाआड एक वाटलेले असतात, जेणेकरून एक मंडल बंद पडले तरी निम्मे दिवे जागेवर राहतात आणि धावपट्टीचा आकार कळत राहतो. वीज गेली तर धुक्यातील उतरणीसाठीच्या महत्त्वाच्या दिव्यांना पर्यायी वीज एका सेकंदात मिळावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. दिव्यांच्या बाबतीत इतका काटेकोर विचार झाला, कारण दिवा कधीतरी जाणारच, हे अभियंत्यांनी गृहीत धरले. माणूस कधीतरी चुकणारच, हे मात्र व्यवस्था तेवढ्या सहजपणे गृहीत धरत नाही.

शब्दांच्या बाबतीत तर हे फारच जाणवते. विमान आणि मनोरा यांच्यातील रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द बुडतात आणि ऐकणाऱ्याला फक्त कर्कश शिट्टी ऐकू येते. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ येथे धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे गेली, त्याआधीच्या निर्णायक क्षणी असेच झाले होते. ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हे एका विमानाचे सांगणे आणि मनोऱ्याचा ‘थांबा’ हा निरोप एकमेकांत मिसळून गेले. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरायचा, असा नियम झाला. आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांसाठी आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी पातळी २००८पासून बंधनकारक झाली. मराठी, तमिळ, जपानी, अरबी अशा निरनिराळ्या उच्चारांतून येणारी इंग्रजी रात्री दोन वाजता खरखरत्या रेडिओवर समजून घ्यायची असते, तेव्हा ठरलेल्या वाक्यांचाच आधार असतो. हानेडानंतर जपानने निघणाऱ्या विमानांना क्रमांक सांगणे तातडीने थांबवले आणि पडद्यावर सतत नजर ठेवण्यासाठी वेगळा माणूस नेमला, त्यामागे हीच जाणीव होती.

पण ठरलेले वाक्य परत म्हणून घेतल्याने शब्द पोहोचले एवढेच कळते, अर्थ पोहोचला की नाही ते कळत नाही. जिथे माणसाची अपेक्षा प्रबळ असते तिथे मेंदू समोरच्या दिव्याला आणि कानावर आलेल्या शब्दाला त्या अपेक्षेच्या साच्यात बसवतो. मानसशास्त्र याला अपेक्षेचा पूर्वग्रह म्हणते. तो मूर्खपणा नव्हे. परिचित हस्ताक्षर आपण अर्धवट पाहूनही वाचतो ते याच शक्तीमुळे. थकलेल्या मेंदूत मात्र ही शक्ती उलटते. खटकलेल्या गोष्टीवर थांबून पुन्हा विचार करण्याची क्षमता झोपेच्या अभावात आधी जाते आणि अंदाजाने रिकाम्या जागा भरण्याची सवय शेवटपर्यंत टिकते. मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. माणसाची ही जैविक घड्याळे वेळापत्रकाच्या सोयीने चालत नाहीत.

म्हणूनच रात्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा आरोग्याचाही प्रश्न आहे. भारतात नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांच्या कामाच्या वेळांचे नवे नियम केले. वैमानिक संघटनांना त्यासाठी न्यायालयात जावे लागले. या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली आणि वैमानिकाने रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाला. पुरेसे वैमानिक न नेमलेल्या देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची डिसेंबरमध्ये हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर हाहाकार उडाला, आणि त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सवलत देण्यात आली. प्रवाशांचे हाल खरे होते. पण त्या गदारोळात नियम कशासाठी होता, हे विसरले गेले. विश्रांतीचा नियम पाळणे कंपनीला जड जाते, म्हणून वैमानिकाचा मेंदू कमी थकत नाही.

नियंत्रकांची स्थिती याहून दुर्लक्षित आहे. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५मधील अहवालात हवाई वाहतूक नियंत्रकांची कमतरता आणि त्यांच्यावरील ताण यांकडे लक्ष वेधले. देशातील वापरात असलेले विमानतळ २०१४मध्ये ७४ होते, आता ते दीडशेहून अधिक आहेत. धावपट्टी बांधायला दोन-तीन वर्षे लागतात. पण भरती, प्रशिक्षण आणि मग जबाबदारीने एकट्याने मनोरा सांभाळता यावा असा अनुभव, यांना त्याहून कमी काळ लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या रात्रीनंतर तिथे उशिराच्या गर्दीत दोन नियंत्रक ठेवणे सुरू झाले. आपल्याकडे नव्याने रात्री सुरू होणाऱ्या प्रत्येक विमानतळावर किती नियंत्रक असतील, त्यांच्या पाळ्या कशा असतील, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणात कुणी विचारत नाही.

यावर तंत्रज्ञानाचे उत्तर आहे आणि ते फार दूरचे नाही. लॉस एंजेलिससारख्या अपघातांनंतर अमेरिकेत धावपट्टीची स्थिती सांगणारे स्वयंचलित दिवे विकसित झाले आणि सुमारे २० मोठ्या विमानतळांवर ते बसवले गेले. रडारला धावपट्टीवर विमान दिसले किंवा येत असल्याचे कळले, की प्रवेशाच्या जागी जमिनीतले लाल दिवे आपोआप पेटतात. नियंत्रकाने काय म्हटले आणि वैमानिकाला काय समजले, यावर ते अवलंबून नसतात. खरे महत्त्व आहे ते याच वेगळेपणाला. शब्द चुकला तर दिवा अडवतो, दिवा बंद असेल तर पडद्यावरचा इशारा वाजतो, तोही सुटला तर विमानातील यंत्र बोलते. टॅक्सीवेच्या रोखाने येणारे विमान ओळखून नियंत्रकाला सावध करणारी संगणकप्रणालीही अमेरिकेत आली आहे. असे एकमेकांवर न विसंबणारे थर जितके जास्त, तितकी एका माणसाची एक चूक प्राणघातक ठरण्याची शक्यता कमी.

मोठ्या यंत्रणेला पैसा लागतो आणि प्रत्येक जिल्ह्याच्या विमानतळाला तो परवडणार नाही, हेही खरे. पण स्वस्त थरही आहेत. थांब्याच्या रेषेवरचे लाल दिवे केवळ धुक्यात न लावता रात्री नेहमीच लावायचे. दिवे बंद असतील तर ती गोष्ट वैमानिकाला २७ पानांच्या गठ्ठ्यात न सोडता उतरण्याआधी तोंडी सांगायची. समांतर धावपट्टी किंवा तिचे दिवे बंद असतील त्या रात्री केवळ नजरेवर उतरण्याची परवानगी द्यायची नाही, यंत्राच्या दिशादर्शनाचा आधार सक्तीचा करायचा. पडद्यावरच्या इशाऱ्याला आवाज द्यायचा. संदेह आला की विमान वर घेणाऱ्या वैमानिकाला जाब न विचारता शाबासकी द्यायची. आणि ‘काहीतरी विचित्र दिसतेय’ असे कोणी म्हणाले, तर ‘सगळे ठीक आहे’ या उत्तराआधी ‘तुम्हाला नेमके काय दिसतेय’ असा प्रश्न विचारण्याची सवय नियंत्रकांना लावायची. सॅन फ्रान्सिस्कोत त्या एका प्रश्नाची उणीव होती.

सामान्य नागरिकालाही यात वाटा आहे. मिरवणुकांत आणि लग्नांत आकाशाकडे सोडले जाणारे लेझर आणि बीम यांचे झोत उतरणाऱ्या विमानाच्या काचेवर पडले की सगळी काच प्रकाशाने भरून जाते आणि अंधाराला सरावलेला डोळा काही काळ निकामी होतो. उतरतानाच्या त्या अखेरच्या मिनिटात तेवढा काळ पुष्कळ असतो. पुण्यात लोहगाव विमानतळाच्या परिसरासाठी पोलिसांना याविरुद्ध मनाई आदेश काढावे लागले आहेत. आदेश निघतात, मिरवणुकाही निघतात. गंमत म्हणून वर सोडलेला झोत दीडशे प्रवाशांच्या वाटेत येऊ शकतो, हे मंडळांच्या बैठकीत सांगितले गेले तर आदेशापेक्षा अधिक उपयोग होईल.

प्रत्येक अपघातानंतर ‘मानवी चूक’ हे दोन शब्द उच्चारून प्रकरण मिटवण्याची घाई होते. त्यात सगळ्यांचीच सोय असते. चुकलेला माणूस बहुधा हयात नसतो आणि बाकी कुणालाच काही बदलावे लागत नाही. हानेडातील वैमानिक, सॅन फ्रान्सिस्कोतील वैमानिक, लॉस एंजेलिसमधील नियंत्रक हे कोणी बेफिकीर नव्हते. अंधारात, थकलेल्या वेळी, अर्धवट माहितीवर माणसाचा मेंदू जे करतो तेच त्यांच्या मेंदूने केले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही कदाचित तेच केले असते, आणि पुढच्या वेळी दुसराच कोणी असणार आहे.

तेव्हा आपल्या गावी रात्रीचे विमान यावे अशी मागणी करणाऱ्यांनी ती जरूर लावून धरावी. मात्र त्या निवेदनात दिव्यांच्या रांगेसोबत आणखी चार ओळी असाव्यात. मनोऱ्यात किती माणसे असतील, त्यांना आणि वैमानिकांना झोप किती मिळेल, दिवे बंद पडले तर कोणाला आणि किती वेळात कळेल, आणि शब्दाचा अर्थ चुकला तर विमानाला थांबवणारे दुसरे काही तिथे आहे का. या चार प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या धावपट्टीलाच ‘नाइट लँडिंग’ची सुविधा आहे, असे म्हणता येईल. बाकीच्या ठिकाणी नुसते दिवे लागलेले असतील.